बॉनेटवर हात ठेवून बघा

जुनी गाडी बघायला गेलात की लगेच किमतीचं बोलू नका. आधी बॉनेटवर हात ठेवा. पत्रा गार लागला तर पुढं जायला हरकत नाही. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी गाडी फिरवून आणली आहे. त्याला कधी साधं कारण असतं, पोराला क्लासला सोडून आलो वगैरे. कधी नसतं. अशा वेळी चहा घ्यावा, गाडीचा विषय काढू नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा जावं.

याचं कारण सोपं आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं. व्हॉल्व्हची सील झिजली असतील तर त्यांतून झिरपलेलं थेंबभर ऑइल सिलिंडरमध्ये जमतं आणि पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. दोन मिनिटांत तो नाहीसा होतो, दिवसभर पुन्हा दिसत नाही. बॅटरी म्हातारी झाली असेल तर तीही सकाळीच कण्हते. टॅपेटची टकटक, चढ-उतार करणारं आयडलिंग, पट्ट्याची चीची, सगळं पहिल्या मिनिटात ऐकू येतं आणि इंजिन तापलं की दडून बसतं. म्हणून जुन्या गाडीचं पहिलं मिनिट पुढच्या अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हपेक्षा मोलाचं.

मी मेस्त्री नाही. पावण्यारावळ्यांसोबत गाड्या बघत हिंडणं आणि उद्यमनगरातल्या एका गॅरेजात डब्यावर बसून बघत राहणं, एवढंच माझं शिक्षण. पण कोल्हापुरात एवढ्यावरही बरंच कळतं. हे गाव यंत्र उघडून शिकलेल्यांचं आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचं नाव इथं अजून आदरानं घेतलं जातं, ऑइल इंजिनांनी इथल्या कारखानदारीला वळण दिलं, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आजही मोटारींच्या कंपन्यांना ओतीव भाग जातात. याचा गाडीवाल्याला सरळ फायदा असा, की बोअर करणं, क्रँक घासणं, हेड प्लेन करणं ही कामं गावातच होतात. तोटाही आहे. दुरुस्त करणारे हात एवढे कसबी असले की झाकणारे हातही तेवढेच कसबी असतात.

लेखासाठी एक गाडी डोळ्यांपुढं ठेवू: दहा-बारा वर्षांची, पेट्रोलची, एमएच-०९ पासिंगची अल्टो. अल्टो २००० साली आली, ७९६ सीसीची अल्टो ८०० २०१२ साली, आणि २०२३ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. वॅगन-आर, सँट्रो, आय-टेन घेणाऱ्यालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आता पाण्याविषयी. कोल्हापुरात गाडी बघणाऱ्यानं पाण्याचा विचार सगळ्यात आधी करावा, इंजिनाच्याही आधी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ही दोन वर्षं ध्यानात ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग पाण्यात होता, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तिकडं शिरोळ तालुका आणि सांगली बुडाली. त्या पाण्यात किती गाड्या होत्या हे ज्यानं त्या वेळी रस्त्यांवर बघितलं त्याला सांगायला नको.

या गाड्यांचं पुढं काय होतं? दुरुस्तीचा खर्च विम्यात लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढं जात असेल तर कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा कुणीतरी विकत घेतो. त्यातल्या काही भंगारात जातात. काही धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभ्या राहतात.

पुरातली गाडी ओळखायची सगळ्यात साधी जागा म्हणजे सीट बेल्ट. तो पूर्ण शेवटपर्यंत ओढा. रोज आपण हातभरच ओढतो. आतला गुंडाळलेला भाग धुवायचं सहसा कुणाच्या लक्षात येत नाही आणि त्यावर गाळाची फिकट रेघ राहते. मग सीट पुढं सरकवून रुळांचे बोल्ट बघा. आतल्या बोल्टला गंज कशाला चढेल? बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट काढून गाडी धुतलेली आहे. स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेटच्या खालचं नमदं, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर आलेला हिरवट थर. आणि वास. गाडीत बसताच उदबत्तीच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं तर थोडं थांबून विचार करा, मालकाला एवढा सुगंध का लागला.

इंजिनात पाणी गेलं की नेमकं काय होतं, हेही समजून घ्यावं, कारण गाडी घेतल्यावर दर पावसाळ्यात ते कामाला येईल. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल दाबलं जातं. हवा दबते. पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेनं कपभर पाणी आत ओढलं गेलं की वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाण्यात गाडी बंद पडली तर बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावलेलं असतं. खरं नुकसान करतो तो पुन्हा मारलेला सेल्फ. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलत बाहेर काढावी, चावीला हात लावू नये. सेल्फ मारून फुटलेलं इंजिन साध्या फुल इन्शुरन्समध्ये बहुधा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

पाण्याची एक दुसरी, संथ तऱ्हा आहे. एमएच-०८ किंवा एमएच-०७, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची गाडी घाट चढून इकडं विकायला येते. खाऱ्या हवेनं तिचा पत्रा खालून खाल्लेला असतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि सस्पेन्शन जिथं बॉडीला जोडलं आहे ती जागा टॉर्च लावून बघावी. वरून रंग नवा आणि खाली बोटानं दाबल्यावर पापुद्रा निघतो, अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. इंजिन बदलता येतं. सडलेली बॉडी बदलता येत नाही.

आता घाट. कोल्हापूरकराची गाडी वर्षातून दहा वेळा तरी घाटात जातेच: गगनबावड्याचा करूळ, रत्नागिरीच्या वाटेवरचा आंबा, राधानगरीकडून फोंडा, सावंतवाडीला उतरणारी आंबोली. त्यात जोतिबा आणि पन्हाळा घरचेच. चार माणसं, मागं पिशव्या, एसी चालू आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर. ८०० सीसीच्या इंजिनाला हे ओझं झेपतं, पण चालवणाऱ्याचा डावा पाय क्लचवरून उठत नाही.

क्लच म्हणजे घर्षणाची एक तबकडी. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर ती प्रेशर प्लेटनं दाबून धरलेली असते. पॅडल पूर्ण सोडलं की दोन्ही एकजीव फिरतात, पूर्ण दाबलं की वेगळी होतात. अर्धं दाबून ठेवलं की एकमेकांवर घासत राहतात, आणि तबकडीचं आयुष्य संपतं ते याच अर्ध्या अवस्थेत. तपासायचं कसं? मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन धडकन बंद पडेल. इंजिन आरामात फिरत राहिलं आणि जळका वास आला तर प्लेट गेली आहे. छोट्या गाडीचा क्लच सेट मजुरीसकट पाच ते आठ हजारांच्या घरात बसतो, तेवढे किमतीतून उतरवून घ्यावेत. यासाठी गाडी सोडायची गरज नाही.

उतारावर उलटा घोळ. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग अजून आहेत. वाचत काही नाही, कारण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो, डिस्क तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जितकं जुनं तितकं ओलं, आणि ओलं ऑइल लवकर उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पॅडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो. गगनबावड्याच्या पावसात राहिलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललं, हे विचारून बघा. दहातले आठ मालक ‘ते पण बदलायचं असतं?’ असं विचारतात. दोन वर्षांतून एकदा बदलायचं असतं, आणि खर्च काही शेकड्यांत भागतो.

घाटातलं तिसरं दुखणं म्हणजे गाडी तापणं, आणि जुन्या छोट्या गाडीला खऱ्या अर्थानं मारणारं हेच. रेडिएटरमध्ये कूलंट हवं. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि ते शंभर अंशांच्या पुढं उकळतं. पण एकदा कुठंतरी गळती लागते, कुणी नळाचं पाणी ओततं आणि मग तीच सवय पडते. वर्षभरात आतून तांबडा गंज धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. गार इंजिनावर, आणि गारच असताना, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. हिरवं किंवा लाल स्वच्छ दिसलं तर मालक जागरूक. चहासारखं दिसलं तर समजा. ऑइल ओतायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय असेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता मोठी. फार थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत थोडी साय नुसत्या वाफेनंही धरते, म्हणून डिपस्टिकही पुसून बघावी.

एक देशी इलाज सांगण्यासारखा आहे. गाडी तापते म्हटल्यावर काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी ती एक छोटी झडप असते. ती काढली की गाडी तापायची थांबते खरी, पण मग इंजिन पुरेसं गरमही होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अॅव्हरेज दोन-तीन किलोमीटरनं पडतं. मालक म्हणतो, गाडी जुनी झाली. दहा किलोमीटर चालवूनही तापमानाचा काटा तळालाच असेल, किंवा नव्या गाड्यांत निळा दिवा विझत नसेल, तर हा प्रकार असू शकतो. इलाज काही शेकडा रुपयांचा.

टायमिंग बेल्टचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. खालची क्रँक आणि वरचे व्हॉल्व्ह एका तालात चालवणारा हा रबरी पट्टा. तो तुटला की इंजिन जागेवर थांबतं, आणि काही इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. ७९६ सीसीच्या अल्टोत पट्टा आहे. जुन्या १.१ लिटर सँट्रोतही पट्टाच. अल्टो के-टेनच्या ९९८ सीसी इंजिनात मात्र साखळी आहे, तिला ठरावीक मुदतीत बदलायचं काम नसतं, ऑइल वेळेवर बदललं की पुरे. पट्ट्याची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि ती किलोमीटर तसंच वर्षं दोन्हींनी मोजायची. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ‘फक्त तीस हजार किलोमीटर चाललीय, डॉक्टरांची गाडी’ असं म्हणणाऱ्याला विचारा, पट्टा कितव्या वर्षी बदलला?

त्या तीस हजारांबद्दलही थोडं. मीटर पाठीमागं फिरवणं आज फार अवघड राहिलेलं नाही, म्हणून आकड्यावर न जाता झिजेवर जावं. क्लच पॅडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, गिअरच्या मुठीवरचे पुसलेले आकडे, चालकाच्या सीटची उजवी कड. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. मीटरवर बावीस हजार आणि टायरचा दुसरा संच असं दिसलं तर दोहोंपैकी एक खोटं. माझ्या एका पावण्यानं अशीच एक ‘बाईमाणसानं चालवलेली’ गाडी हौसेनं घेतली. मेस्त्रीनं पॅडल बघितलं आणि म्हणाला, “काय ओ पावणं, ह्या बाईनी वडाप केलं का काय?”

सस्पेन्शनचं ऐकूनच कळतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या एखाद्या रस्त्यावर काचा खाली, टेप बंद आणि दुसरा गिअर. कोल्हापूर परिसरात असा रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही. पुढून बारीक खडखड आली तर बहुधा लिंक रॉड किंवा बुश, म्हणजे स्वस्तातलं काम. खड्ड्यात दणका बसल्यासारखा आवाज म्हणजे शॉकअप किंवा त्याच्यावरचं माउंटिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवताना कटकट वाजलं तर एक्सलचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. वेळीच बूट बदललं असतं तर काम थोडक्यात झालं असतं, आता काही हजारांत जाईल. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट गाडी जॅकवर चढवून, चाक वर-खाली हलवून बघायचे, आणि हे काम मेस्त्रीवर सोडावं. त्याला पाचशे रुपये द्यावेत. दोन लाखांच्या व्यवहारात पाचशे वाचवणारा माणूस मला कधी कळला नाही.

वायरिंगचं थोडक्यात. चावी ‘ऑन’वर फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा पिवळा दिवा सुरुवातीलाही लागत नसेल तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर खिशात ठेवा: चालू इंजिनावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक. गोठ्याशेजारी किंवा कणगीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का तेही बघा.

पेट्रोलचा एक नवा मुद्दा आहे, आणि तो कोल्हापूरला फारच जवळचा. आपण पिकवलेला ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीतून आणि रसातून इथेनॉल बनतं आणि तेच पंपावर आपल्या टाकीत पडतं. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचं मिश्रण २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचलं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळं अॅव्हरेज थोडं कमी होणार, हे गणितच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के घट धरली होती. आपली दहा-बारा वर्षांची अल्टो साधारण याच वर्गातली. शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळावा आणि गाडीवाल्याचं अॅव्हरेजही पडू नये, असं दोन्ही एकाच वेळी म्हणणारे माझ्या घरातच आहेत.

अॅव्हरेजपेक्षा जपायचं ते जुन्या रबराला आणि पाण्याला. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळं होऊन साचू शकतं आणि मग फ्युएल पंप, इंजेक्टर त्रास देतात. म्हणून ‘परदेशातल्या मुलाची, वर्षभर नुसती उभी’ ही जाहिरात वाचून मी हुरळत नाही. पेट्रोलच्या नळ्यांचं रबर चिरलंय का आणि पेट्रोलचा वास येतोय का हे बघा. कुणी बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आर.सी.वर चढवलेलं आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी लागणारी हायड्रो टेस्ट झाली का, हे आधी विचारा.

कागदांकडं वळू. आर.सी.वर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का, हे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर पाच मिनिटांत कळतं. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. काही लोक सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन वर्षभर गाडी तशीच वापरतात, आणि मग चलन एकाला, अपघात दुसऱ्याचा, कोर्टाची नोटीस तिसऱ्याला. कागल ओलांडलं की कर्नाटक, त्यामुळं इकडं केए-२२, केए-२३ पासिंगच्या गाड्या स्वस्तात दाखवल्या जातात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडची एनओसी, इकडचा कर आणि हेलपाटे. किमतीतला फरक यात किती उरतो ते आधी मांडून बघावं.

जुनी विमा पॉलिसी मागून घ्या. त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते बघा. ५० टक्के म्हणजे मालकानं सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. शून्य म्हणजे गेल्या वर्षी काहीतरी झालं, किंवा विमा मधेच तुटला. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळं गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही आणि तुमचा विम्याचा हप्ता मालकानं सांगितल्यापेक्षा जास्त येतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

आणि पंधरा वर्षांची तारीख. २०१२ सालची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. मग आरटीओत तपासणी, एप्रिल २०२२ पासून लागू झालेली पाच हजारांची फी आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते: चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. किंमत बोलताना नव्या गाडीचा भावही माहीत असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या बऱ्याच उतरल्या. जुन्याचा मालक मात्र पुष्कळदा आदल्या वर्षीचाच भाव मनात धरून बसलेला असतो.

आता हिशेब. दोन लाखांना घेतली, महिन्याला ८०० म्हणजे वर्षाला ९,६०० किलोमीटर चालली असं धरू. अॅव्हरेज १७ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाचं पेट्रोल सुमारे ५९,३०० रुपये. अॅव्हरेज एकानं पडून १६ झालं तर ६३,०००. थर्ड पार्टी विमा १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये अधिक जीएसटी, हा दर जून २०२२ चा. स्वतःच्या नुकसानीचं धरून पाच हजार म्हणू. सर्व्हिसिंग सात हजार. चार टायर बारा हजारांचे पाच वर्षांवर आणि चार हजारांची बॅटरी चार वर्षांवर वाटून ३,४००. किरकोळ दुरुस्त्या बारा हजार. चार वर्षांनी ती एक लाख वीस हजारांना गेली तर वर्षाची घट वीस हजार. एकूण १,०६,७००, म्हणजे किलोमीटरला अकरा रुपयांच्या वर. त्यातलं पेट्रोल सहा रुपये अठरा पैसे.

दुरुस्ती आणि टायरचे आकडे माझा ठोकताळा आहे, तुमच्या गाडीला वेगळे येतील. पण प्रमाण फारसं बदलत नाही. आपण म्हणतो, पुण्याला जाऊन आलो, अठ्ठावीसशेचं तेल लागलं. जाऊन-येऊन ४६० किलोमीटर झाले, म्हणजे टोल सोडून पाच हजार खर्च झाले. उरलेले बावीसशे त्या दिवशी दिसले नाहीत, ते क्लच गेला त्या दिवशी दिसतील. सुरक्षेचा हिशेब तर रुपयांत येतच नाही. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलात बहुधा एकही नसते. घाटात वारंवार जाणार असाल तर थोडं पुढचं मॉडेल बघा, असं मी सरळ सांगतो, मग त्यासाठी म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हील सोडावी लागली तरी चालेल.

गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात वीस हजार हाताशी ठेवा. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल एकदम बदलून टाका. आधीच्या मालकानं ‘आत्ताच केलंय’ म्हटलं असलं तरी. पट्ट्याची पावती नसेल तर पट्टाही, आणि त्याबरोबर वॉटर पंप, कारण पट्टा काढायची मजुरी दोन्हीला एकच लागते. पट्टा बसवून झाला की मेस्त्रीला मार्कर द्या आणि कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहायला सांगा. आमचे मेस्त्री न सांगता लिहितात, आणि खाली एक बारीक रेघ ओढतात. रेघ कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, “दुसऱ्यानं पुढं खोटं लिवलं तर आपलं कुठलं ते कळाय नको का?”